नथूची कुजबुज

औंढ्याच्या नथूपुढे बोलताना मधेच थांबू नये, हे गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. थांबलात, मग ते श्वास घ्यायला का असेना, की तुमचं पुढचं वाक्य नथूच्या तोंडून बाहेर पडलंच म्हणून समजा.

यात त्याच्या मनात काही वाकडं नसतं. चैत्रातल्या जत्रेला गावात जे नाटक होतं, त्यात नथू मिसरूड फुटल्यापासून पुस्तक धरतो. नट अडला की विंगेतून पुढचा शब्द पुरवायचा, एवढंच त्याचं काम. पण त्याची कुजबुज अशी, की देवळातल्या घंटेवर गोधडी टाकून टोला द्यावा. पुढच्या रांगांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकू यायचा, एकदा नथूचा आणि मग नटाचा. लोकांची त्याला हरकत नव्हती. राजाचं काम करणाऱ्या रखमाजींनी तर पाठांतर कायमचं सोडून दिलं होतं. "मी कशापायी पाठ करू? नथू हाय न्हवं का," असं म्हणून ते तालमीच्या वेळी खुशाल तंबाखू मळत बसायचे. नाटक संपल्यावर बायाबापड्या घरी जाताना म्हणायच्या, "औंदा रखमाजीपरीस नथूचं काम चांगलं झालं." आणि नथू तर रंगमंचावर कधी दिसलेलाही नसायचा.

रंगमंचावर हे ठीक होतं. पण सुताराचा रिकामा हातसुद्धा शेजारचं लाकूड चाचपून बघतो, तशी नथूची जीभ झाली होती. शांतता पडली की तिला खाज सुटायची. गावातल्या एका बड्या म्हाताऱ्याच्या दहाव्याला पाहुणे बोलायला उभे राहिले. "कैलासवासी आबा हे अत्यंत..." एवढं म्हणून त्यांना गहिवरून आलं. मागून नथू कुजबुजला, "कंजूष." पाहुण्यांनी त्याच ओघात म्हणून टाकलं, "अत्यंत कंजूष होते," आणि डोळे पुसले. जमलेल्या साऱ्यांनी माना डोलावल्या. शब्द बरोबर होता.

त्याच्या स्वतःच्या लग्नातही तेच. मुक्ताबाईला उखाणा घ्यायला लावला. तिनं चांदीच्या ताटापर्यंत मजल मारली आणि नाव घ्यायच्या वेळी लाजून थांबली. नथूला ते बघवेना. त्यानं नवऱ्याच्या मुंडावळ्यांतून स्वतःचंच नाव घेऊन टाकलं. मांडवात जे हसू फुटलं, ते वऱ्हाड परत जाईस्तोवर थांबलं नाही. मुक्ताबाई त्याच्याशी बोलली ती थेट दिवाळीला, आणि तेव्हाही न थांबता, एका दमात.

तर असा हा नथू. भाताची खाचरं सांभाळून तो लोणावळ्याला तुंगार्लीच्या चढावरच्या एका प्रशिक्षण केंद्रात हॉलची व्यवस्था बघायचा. हॉल बांधणाऱ्याला नाटकाचा षोक असावा. नाहीतर इंजिनिअरांच्या वर्गाला रंगमंच कशाला, दोन बाजूंना विंगा कशाला, आणि दोरी ओढली की सरकणारा तो भलाथोरला तांबडा मखमली पडदा तरी कशाला? डाव्या विंगेत एक स्टूल होतं. शेजारी प्रोजेक्टरची बटणं होती. प्रोजेक्टर म्हातारा आणि तऱ्हेवाईक होता, तो नथूचंच ऐकायचा. चित्र हललं की त्याच्या उजव्या कुशीत एक ठरावीक चापट मारावी लागे, आणि ती नथूच्याच हातची लागे.

त्या हॉलमध्ये अनंत सर वर्षानुवर्षं एकच अभ्यासक्रम शिकवत आले होते. कारखान्यातल्या टाकीत, बॉयलरात दाब वाढला तर तो सुखरूप बाहेर पडायला वाट कशी ठेवायची, केवढी ठेवायची, सेफ्टी व्हॉल्व्ह कोणता निवडायचा, असा सगळा तो विषय. ठिकठिकाणच्या कारखान्यांतले इंजिनिअर त्यासाठी लोणावळ्याला यायचे. सरांनी आपलं भाषण एकदाच रचलं आणि पुढे ते जसंच्या तसं म्हटलं. विनोदाच्या जागा ठरलेल्या, खोकल्याच्या ठरलेल्या, चष्मा पुसण्याच्याही. स्टुलावर बसून नथूला ते सगळं तोंडपाठ झालं. अर्थ काडीचा कळला नव्हता. पण नाटकातल्या राजाच्या जुन्या भारी भाषणांचा तरी कुठे कळत होता? वयोमानानं सर अडखळायला लागले, तेव्हा विंगेतून शब्द यायला लागले. सर मान किंचित डावीकडे झुकवायचे आणि गाडी पुढे जायची. देवानं जोडी जमवावी तर अशी.

या पावसाळ्यात सरांचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी त्यांचं बोलणं बंद केलं. त्यांची जागा घ्यायला त्यांचीच विद्यार्थिनी आली, तळेगावची आसावरी. कारखान्यांमध्ये हेच काम केलेली, हुशार, आवाज खणखणीत. सरांनी जाताना नथूचा हात धरला आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले, "पोरीला एकटी पडू देऊ नकोस."

नथूनं ते वाक्य मनाच्या खुंटीला टांगलं.

वर्ग सुरू झाला त्या सकाळी धुकं खिडक्यांतून आत येऊन पुढच्या बाकांवर बसलं होतं. नथूनं त्याला हुसकावलं, खिडक्या लावल्या आणि विंगेत स्टुलावर जाऊन बसला. आसावरीनं फळ्यावर एक टाकी काढली.

"समजा, या टाकीत दाब वाढतोय," ती म्हणाली. "वाट कुठून काढाल? वरून, बाजूनं, की खालून?"

आणि ती थांबली.

नथू स्टुलावरून अर्धा उठला. पहिल्याच प्रवेशात पोर अडकली होती. एकेक क्षण त्याच्या पाठीवरून गोम चालावी तसा सरकायला लागला. शेवटी त्यानं तोंडाला हात लावला आणि पुस्तक उघडलं.

"वरून," विंगेतून आवाज आला. "वाफ कुठे असते? वर. म्हणून वाट कुठून? वरून."

कुजबुजताना नथू औंढ्याचं बोलत नसे, सरांचं बोले. सगळ्या इंजिनिअरांनी माना खाली घालून लिहून घेतलं, वरून. आसावरीनं चमकून पडद्याकडे पाहिलं, पण पुढचा प्रश्न विचारला आणि परत थांबली. पडद्यानं परत उत्तर दिलं. तिसऱ्या प्रश्नापासून वर्गाचं सगळं लक्ष पडद्याकडे. देहूरोडहून आलेला संदेश नावाचा एक जाडजूड इंजिनिअर होता, त्यानं तर हात वर करून विंगेलाच विचारलं, "जरा परत सांगता का? शेवटचं राहिलं."

मग आसावरी पाणी प्यायला थांबली. ती नेमकी सरांची विनोदाची जागा निघाली.

"आता आमच्या सासऱ्यांची गोष्ट," नथूनं पुरवलं.

"आता आमच्या सासऱ्यांची..." ओघात आसावरीच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली.

"लग्नाच्या पंगतीत त्यांनी चारचौघांसमोर ढेकर दाबून धरली," नथूनं नेटानं पुढे नेलं, "आणि संध्याकाळी त्यांच्या कोटाचं बटण सुटून माझ्या चहात पडलं."

वर्ग हसला. संदेश उभा राहिला. "अभिनंदन मॅडम. लग्न कधी झालं?"

"माझं लग्न झालेलं नाही," आसावरी म्हणाली.

"आणि सासरे?"

"बसा."

जेवणाच्या सुट्टीत ती विंगेत आली. रागावली होती, पण चांगल्या घरची माणसं रागावतात तशी, हळू आवाजात.

"नथूभाऊ, मी विसरत नाही. मी थांबते."

"थांबता म्हंजी?"

"मुद्दाम. प्रश्न विचारला की गप्प राहते. त्यांनी विचार करावा म्हणून."

नथूनं यावर खरोखर विचार केला. "पन ताई, त्यास्नी येत न्हाई. येत असतं तर पैसं भरून हितं आलं असतं का?"

"येत नाही म्हणूनच डोकं चालवायचं. तुम्ही उत्तर दिलंत की ते चालत नाही."

"सर कदी असं गप ऱ्हायलं न्हाईत."

"सर मोठे होते. मला सरांसारखं जमणार नाही, मला असंच जमतं." ती स्टुलाच्या कडेला टेकली. "उद्या मुख्य कार्यालयातून गंधार साहेब येणार आहेत. जी कंपनी ही सगळी माणसं पाठवते ना, तिचे. त्यांना पटलं तर वर्ग इथंच चालू राहील. नाही पटलं तर ते सगळं मोबाइलवर व्हिडिओ करून टाकणार. मग मी नको, हॉल नको आणि तुमचं स्टूलही नको. उद्या मी थांबले की तुम्ही काही बोलायचं नाही. एवढं कराल?"

नथूनं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. दुपारी पहिल्याच प्रश्नाला मोडली. दुसऱ्या वेळी त्यानं ओठ दातांखाली धरले, तर उत्तर नाकातून आलं. आसावरीनं कपाळाला हात लावला. त्याला चहाच्या खोलीत पाठवावं, तर प्रोजेक्टरला चापट कोण मारणार? सकाळीच एकदा संदेशनं मारून बघितली होती. टाकीचं चित्र उलटं झालं आणि तासभर सगळे उलट्या टाकीवर शिकले.

घरी गेल्यावर नथू जेवला नाही. मुक्ताबाईनं विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"माजी जीभच माजं ऐकत न्हाई," तो म्हणाला. "कुनी गप ऱ्हायलं की आतनं असं दाटून येतं..."

"मला ठावं हाय. बत्तीस वरसं ऐकतीया." मुक्ताबाई लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात कामाला जायची. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक वडी काढली. "ही घ्या. पाक कच्चा ऱ्हायला म्हनून ही घानी विकायची न्हाई. लय चिवट. दाताला धरली की सोडत न्हाई. आमच्या मालकीनबाईंनी चाखली, तर त्येंची कवळी तिच्यासंगं बाहीर आली."

"मंग?"

"मंग काय? ताई थांबली की तोंडात टाकायची. तुमच्या तोंडाला बाकी कुटलं कुलूप बसतंय?"

दुसऱ्या दिवशी गंधार साहेब पहिल्या रांगेत येऊन बसले. सडपातळ माणूस, मांडीवर छत्री, चेहरा असा की टपालाच्या पेटीलासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त भाव असतील. आपण कोण, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आसावरीनं विंगेकडे एकदा पाहिलं. नथूनं वडी दाखवली. ती बिचारी काही समजली नाही, पण तिनं मान हलवली.

"आजचा प्रश्न," ती म्हणाली. "सेफ्टी व्हॉल्व्ह जितका मोठा तितका सुरक्षित. मग हिशेब कशाला करत बसायचं? सगळ्यात मोठा आणावा आणि बसवून टाकावा. बरोबर की चूक, आणि का?"

आणि ती थांबली.

नथूनं अख्खी वडी तोंडात कोंबली आणि दात आवळले.

काय सांगावी ती शांतता. पंखा कुरकुरत होता. खाली घाट चढणाऱ्या मालगाडीचा आवाज येत होता. नथूच्या मानेच्या शिरा टरारल्या, डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले. सरांचं उत्तर घशापर्यंत येत होतं, शेंगदाण्यांवर आदळत होतं आणि परत फिरत होतं. त्यानं विंगेचा खांब दोन्ही हातांनी धरला.

वर्गानं सवयीनं पडद्याकडे पाहिलं. पडदा गप्प. पुन्हा पाहिलं. मग नाइलाजानं सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मोठा कधीही चांगलाच," अखेर संदेश म्हणाला. "घर बांधताना दरवाजा मोठाच ठेवतो आपण."

"तुमच्या अंगानं ठेवावाच लागेल," आंबीच्या एका कारखान्यातून आलेली चैताली म्हणाली. "पण मोठा बसवून भागत असतं, तर हा वर्ग कशाला काढला असता?"

"पैसे वाचवायला लहान बसवतात. दुसरं काय."

"स्फोट झाल्यावर वाचलेले पैसे मोजायला कोण राहतं?"

बाकं सरकली. कोणी मोठ्याच्या बाजूचा, कोणी लहानाच्या. पाठीमागचे दोघं तर उभं राहून हातवारे करायला लागले. एवढ्यात पहिल्या रांगेतल्या गंधार साहेबांच्यानं राहवेना. "मोठाच बरोबर," ते म्हणाले. "साधी गोष्ट आहे."

चैतालीनं वळून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "काका, तुम्ही कधी बसवलाय का?"

साहेब छत्रीसकट उठले आणि तरातरा फळ्याकडे गेले. खडू कोणी घ्यायचा यावरून त्यांची आणि संदेशची थोडी ओढाताण झाली. हॉलमध्ये असा गलका आजवर झाला नव्हता. आसावरी बघत राहिली. तिला हेच हवं होतं. आनंदानं तिचे डोळे भरून आले, आणि नेमक्या त्याच वेळी सगळे तिच्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, आता तुम्हीच सांगा."

आसावरीनं तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

ती सगळं विसरली होती. नथूनं विंगेतून तिचे डोळे पाहिले आणि त्याच्या काळजात लख्ख उजेड पडला. हे थांबणं नव्हतं. थांबलेल्या माणसाचे डोळे समोर बघतात, आणि विसरलेल्याचे वर, आढ्याकडे, जणू वाक्य तिथं लटकतंय. दर जत्रेला रखमाजींचे डोळे असेच आढ्याला लागायचे. आसावरीनं आढ्यावरून नजर काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून मान डावीकडे झुकवली.

"म्म्म्म," पडदा म्हणाला.

"काय?" वर्ग म्हणाला.

"म्म्म्म्म."

चिक्की सुटत नव्हती. नथूनं बोट घातलं, तर बोटही आत अडकलं. ते कसंबसं सोडवून घेतलं. उत्तर डोक्यात तयार होतं, शब्दांसकट आणि सरांच्या अभिनयासकट. या जागेला सर विंगेतलं दार धाडकन उघडायचे, धाडकन लावायचे, परत उघडायचे, असं भराभर करायचे. नथूची अशी समजूत होती की ही नक्कल रेल्वेच्या संडासाच्या दाराची आहे. पण पावसानं ते दार फुगून चौकटीत बसलं होतं. नथूनं खांदा लावला. दार ढिम्म.

मग त्याच्या हाताला पडद्याची दोरी लागली.

त्यानं ती ओढली. तो भलाथोरला मखमली पडदा सर्र्कन बंद झाला आणि आसावरी गडप झाली. त्यानं उलटी ओढली, ती परत दिसली. बंद. उघडा. बंद. उघडा. कड्या तडतडायला लागल्या, वर्षानुवर्षांची धूळ उडाली, पुढची रांग शिंकायला लागली. मधल्या फटीतून आसावरीचा चेहरा लुकलुकत होता, आणि दरवेळी थोडा अधिक उजळलेला दिसत होता.

"आठवलं," ती ओरडली. "हेच, हेच. बघा. दाब जरासाच वाढलाय आणि दार मात्र एवढं प्रचंड. ते उघडलं की दाब क्षणात ओसरतो. ओसरला की दार मिटतं. मिटलं की दाब परत चढतो, परत उघडतं. असा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही आणि नीट मिटतही नाही, नुसता तडतडतो. आणि तडतडून तडतडून शेवटी..."

ती थांबली. मुद्दाम. समोर बघून.

त्या शांततेत कड्यांनी हाय खाल्ली. पडदा, दांडी आणि वरची लाकडी पट्टी असं सगळं मिळून सावकाश खाली आलं. ते फळ्यापुढे, नेमक्या दांडीखाली खडू धरून उभ्या असलेल्या गंधार साहेबांना पोटाशी घेऊनच आलं.

"मोडतो," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

विंगेत आडोसा उरला नव्हता. हातात दोरी, गाल फुगलेले, असा नथू साऱ्या वर्गासमोर उघडा पडला. मखमलीखालून हालचाल झाली. आधी छत्री बाहेर आली, मग साहेब. ते धुळीनं पांढरे झाले होते. त्यांनी एकवार पडद्याकडे पाहिलं, एकवार नथूकडे.

"म्हणजे मोठा चूक," ते म्हणाले.

"चूक," आसावरी म्हणाली. "कामापुरता हवा. म्हणून हिशेब."

साहेब खांद्यावरची कडी काढत बराच वेळ विचार करत राहिले. नथूच्या घशात पुन्हा दाटून आलं, पण कुलूप पक्कं होतं. शेवटी साहेबच बोलले. "मी वीस वर्षं हे कागदावर सह्या करून मंजूर करतोय. कळलं आज." मग चेहरा पुन्हा टपालाच्या पेटीसारखा करून म्हणाले, "व्हिडिओत हे बसणार नाही. वर्ग इथंच चालू राहू द्या. पडदा कंपनी नवा देईल. पण ओढायला हाच माणूस."

टाळी कोणी सुरू केली माहीत नाही. बहुतेक चैतालीनं. नथूनं आयुष्यभर टाळ्या मागच्या बाजूनं ऐकल्या होत्या, दुसऱ्याच्या. समोरून ऐकल्या तर त्या अशा अंगावर येतात, हे त्याला माहीतच नव्हतं. तो वाकला, जसे रखमाजी वाकतात, आणि त्या धक्क्यानं चिक्की सुटली. एका दातासकट.

तेव्हापासून प्रत्येक तुकडीला मोठ्या व्हॉल्व्हचा धडा आला की नवा पडदा नथू ओढतो. टाळ्यांनंतर घाम टिपायला तो हल्ली हातरुमाल इस्त्री करून नेतो. आसावरीशी त्याचा करार झालाय. ती नुसती थांबली तर त्यानं थांबायचं, आणि खरंच विसरली तर ती कानातलं धरणार, मगच पुस्तक उघडायचं. खिशात कच्च्या पाकाची वडी असतेच, पण अलीकडे ती तशीच घरी परत येते.

परवा संध्याकाळी मुक्ताबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्याच्याला येताना बाजारातनं आनायचं हाय, ते हे..."

आणि थांबली.

नथू चुलीपाशी बसला होता. काही बोलला नाही. तिच्या डोळ्यांकडे निरखून बघत राहिला. भाकरीला फोड आला, फोड करपला.

"आता का गप?" मुक्ताबाई चिडली.

"तू थांबलीस का इसरलीस, त्ये बगतोय."

"इसरले."

"मंग कानातलं धर."